हात काळा न करणारं शिसं

आमची पत्रं पोस्टाने गेली नाहीत. ती सुक्या बोंबलांच्या टोपलीतून गेली आणि टोपलीतूनच आली. हे आधीच सांगून टाकते, कारण पालघरच्या मेळाव्यात प्रत्येक जण आमच्या टेबलापाशी येऊन आधी नाक वर करून हुंगायचा आणि मग वाचायला लागायचा.

मेळावा म्हणजे शाळांचा इतिहास मेळावा. यंदाचा नियम असा होता की दोन वेगळ्या शाळांतल्या दोघांनी जोडी करायची, विषय चिठ्ठीतून निघेल आणि एकमेकांशी फोनवर बोलून काम करायचं नाही. बोईसरच्या आमच्या शाळेतून रूपालीबाईंनी माझं नाव दिलं. मला न विचारता! गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला इतकं हळू ओ द्यायचे की बाई निम्म्या वेळा मला गैरहजर मांडायच्या. आणि आता म्हणे, "उत्कर्षा, तू लिहितेस बरं. जा."

माझी जोडीदार निघाली हेमांगी. ती दांडीची, शाळा तारापूरला. वडील महादूकाका मासेमारी करतात. विषयाची चिठ्ठी तिनेच उचलली आणि मोठ्याने वाचली, "युरोपातील प्रबोधनकाळातील दोन विद्वानांचा जुनी नाणी व वस्तू यांविषयीचा पत्रव्यवहार. सहा पत्रे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे काय करायचं गं?"

"बहुतेक भांडायचं," मी म्हटलं.

माझं अगदी बरोबर निघालं. रूपालीबाईंनी झेरॉक्सचे कागद दिले, ते मी दोन दिवसांत संपवले. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत द्राक्षाचे मळे खणताना रोमन नाणी सापडायची. ती जमवणारे विद्वान गावोगाव होते. ते एकमेकांना लांबलचक पत्रं लिहायचे. खरं नाणं सहसा पाठवायचे नाहीत, वाटेत चोरी होईल म्हणून. चित्र काढायचे, मेणावर ठसा घ्यायचे, नाहीतर शिशात हुबेहूब नक्कल ओतून पाठवायचे. पहिल्या दहा ओळींत समोरच्याची इतकी स्तुती की वाचणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात, आणि अकराव्या ओळीत, आपण मात्र साफ चुकलात. मला हे लोक फारच आवडले. मी झाले पादुआचे पंडित बेर्नार्दो. हेमांगीने व्हेनिस घेतलं, कारण तिथे पाणी आहे, होड्या आहेत. ती झाली पंडित अल्विसे.

पत्रं न्यायला-आणायला हेमांगीची आत्या मिळाली, गोजराबाई. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा त्या सुकी मासळी घेऊन आमच्या कॉलनीत येतात. आम्ही मूळचे करमाळ्याचे. बाबा इथल्या कारखान्यात लागले म्हणून आलो. आईला अजूनही बोंबलाचा वास आला की ती खिडकी उघडते. पण गोजराबाईंशी तिची गट्टी आहे. गोजराबाई पत्र जवळ्याच्या पिशवीखाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "इटलीचा माल आलाय गो, घे."

पहिली दोन पत्रं आम्ही मनानेच रचली. तिसऱ्या वेळी हेमांगीने लिहिलं:

"विद्वद्वर बेर्नार्दो, आपली कीर्ती समुद्राच्या भरतीसारखी आमच्या अंगणापर्यंत येते. (ही ओळ मला फार आवडली आहे, खोडू नकोस.) आता खरं सांगते. नाटकातलं नाही, खरंच खरं. आमच्या जाळ्याला खाली शिशाच्या गोळ्या असतात, जाळं बुडावं म्हणून. त्यातली एक चपटी आहे. रुपयापेक्षा थोडी मोठी, जाड, मधे भोक. पणजोबांच्या वेळेपासून एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात घेतात. मला वाटतं ते नाणं आहे. पप्पा म्हणतात, रविवारी सगळ्या जुन्या गोळ्या वितळवून नव्या ओतणार. नारळी पौर्णिमेनंतर होडी समुद्रात जाईल. मी खूप मागे लागले तेव्हा म्हणाले, तुझ्या त्या बोईसरच्या पंडिताला विचार, ती सांगेल ते खरं. पेन्सिलीने घासून ठसा पाठवते. लवकर सांग."

ठसा बघितला. कागदावर एक राखाडी ढब्बू होता, डोसा करपल्यासारखा. त्यात ना राजा, ना अक्षर.

मी काय करायला हवं होतं? दांडीला जाऊन बघायला हवं होतं, निदान रूपालीबाईंना विचारायला तरी. पण मी तेव्हा उत्कर्षा नव्हतेच. मी पंडित बेर्नार्दो होते आणि माझी अकरावी ओळ जवळ आली होती. मी लिहिलं:

"मित्रवर्य अल्विसे, आपल्या तीक्ष्ण दृष्टीपुढे गरुडानेही मान खाली घालावी. तथापि नाणे सोन्याचे असते, चांदीचे असते किंवा तांब्याचे असते. शिशासारखे राखाडी नाणे कोणी पाहिले आहे? आपण पाठविलेला ठसा हा जाळ्याच्या गोळीचाच असून त्यात इतिहासाचा लवलेशही नाही. तीर्थरूपांनी ती खुशाल वितळवावी."

"खुशाल वितळवावी" हे तर मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आई म्हणाली, "जरा जास्तच शहाणपणा होतोय का गं?" मी म्हटलं, "आई, ते लोक असंच लिहायचे." गुरुवारी पत्र टोपलीतून गेलं.

रविवारी सकाळी साडेनऊला गोजराबाई दारात आल्या. आई बोंबील निवडत होती. गोजराबाईंनी पदराला हात पुसले आणि पुढे केले. "बघ, कालपासून साबण लावते. जात नाय. सगळ्या गोळ्या मीच सोडवल्या जाळ्यातून. शिसं म्हंजे काजळच." खरंच, त्यांची बोटं पेन्सिलीच्या टोकासारखी चमकत होती.

मी दप्तर आवरत होते. त्या हसत मला म्हणाल्या, "तुजी ती चपटी सोडून हां. ती बोटाला कदी लागत नाय. ल्हानपणापासून बघते, शंभर गोळ्या हाताळ, हात काळे. तिला कितीबी चोळ, हात तसाच. आमची आये तिला सोवळी म्हनायची."

मी थांबले. "म्हणजे ती शिशाची नाही?"

"आता मला काय ठाव? जाळ्याला शिसंच लावतात."

"आई, दिसायला शिशासारखं, पण हात काळा न करणारं काय असतं?"

आई बोंबील नाकापासून लांब धरत म्हणाली, "कथील असेल. करमाळ्याला कल्हईवाला यायचा ना, तो पातेल्याला आतून लावायचा. पांढरं असतं, जुनं झालं की राखाडी पडतं. त्याने हात काळे झाले असते तर त्यात आमटी कोणी केली असती?"

माझ्या डोक्यात एकदम सगळं सरळ झालं. शिसं स्वस्त, कथील महाग. जाळ्याला बांधून समुद्रात बुडवायला महाग धातू कोण घेईल? कुणीच नाही. म्हणजे ती चकती जाळ्यासाठी केलेलीच नव्हती! ती दुसऱ्याच कशासाठी तरी केली होती आणि मग कुणीतरी भोक पाडून जाळ्याला लावली.

आणि मी लिहिलं होतं, खुशाल वितळवावी.

"महादूकाका किती वाजता ओतणार?"

"चूल पेटवूनच मी निघाले," गोजराबाई म्हणाल्या.

मेळाव्याचा नियम गेला खड्ड्यात. मी आईच्या फोनवरून महादूकाकांना लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला.

"नाय उचलायचा तो," गोजराबाई म्हणाल्या. "ओतकामाला बसला की फोन घरात, माणूस शेडमदी. त्याच्या कानाशी ढोल वाजवलास तरी मान वर नाय करायचा."

"मग मी जाते."

"एकटी?" आई म्हणाली. मी बोईसर स्टेशनच्या पुढे एकटी कधी गेलेच नव्हते. उत्तर दिलं गोजराबाईंनी. "एकटी कशी? मी हाय ना. टोपली हितंच ठेवते." त्यांनी टोपली आईच्या पुढ्यात सरकवली. आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नवापूर रस्त्याला टमटम उभी होती. त्यात चार माणसं बसली होती आणि ड्रायव्हर आणखी दोघांची वाट बघत होता.

"चलो ना भैया, अर्जंट है," मी म्हटलं. मी! अनोळखी माणसाला! मोठ्याने!

"दो सवारी आने दो, बेटा."

गोजराबाई आत चढल्या, पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "ये बग, मैं दो के बराबर है. चल." मागचे सगळे हसले. ड्रायव्हरसुद्धा हसला आणि त्याने गाडी काढली.

कारखान्यांच्या भिंती संपल्या, मग भातशेती, मग ताडाची झाडं. रस्त्यात इतके खड्डे की गोजराबाई दर खड्ड्याला ड्रायव्हरच्या वेगवेगळ्या नातेवाइकांची चौकशी करत होत्या. मी सारखी मनात म्हणत होते, अजून नाही, अजून नाही. त्या विद्वानांनीही असं कधी केलं असेल का? आधी निकाल द्यायचा आणि मग त्याच्या मागे धावायचं? त्यांच्या वेळी तर घोडा होता. मेलं असतं सगळं.

दांडीला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. घराला लागून पत्र्याची शेड होती. त्यात तीन दगडांची चूल, वर लोखंडी भांडं, त्यात चंदेरी पाणी लकाकत होतं. महादूकाका पळीने ते साच्यात ओतत होते. हेमांगी दूर पायरीवर बसली होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. ते मला फार लागलं. पण रडायला वेळ नव्हता.

"आल्या का पंडितीणबाई!" महादूकाका मान वर न करता म्हणाले. म्हणजे त्यांना सगळं ऐकू येतं. "तुमच्या हुकमापरमानं चाललंय बघा."

"काका, ती चपटी कुठेय?"

"तुमीच लिवलंय ना, खुशाल वितळवावी?"

"काका, टाकली का?"

त्यांनी पळी ठेवली. शेजारी तेलाचा रिकामा डबा होता, अर्धा गोळ्यांनी भरलेला. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन घाणे झाले. तिसऱ्याचा माल हितं हाय. दुसऱ्यात गेली का हितं हाय, मी काय बघितलं नाय."

मी डबा जमिनीवर पालथा केला. हेमांगी पायरीवरून उठून आली आणि माझ्या शेजारी बसून शोधायला लागली. दोघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. गोळी, गोळी, गोळी, दोऱ्याचा तुकडा, शिंपला, गोळी. मग हेमांगी म्हणाली, "ही!"

तिच्या तळहातावर ती होती. वर पांढरट पापुद्रा, कडा जाड, मधे वाकडं भोक.

"मी चुकले," मी म्हटलं. आधी हेमांगीला म्हटलं, मग काकांना. मग वाटलं, हे हळू म्हणण्यासारखं नाही, म्हणून परत मोठ्याने म्हटलं, "मी न बघता लिहिलं. साफ चुकले. ही वितळवू नका."

शेजारच्या दोन बायका पत्र्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी," महादूकाका म्हणाले, "गुरवारी नाणं नाय म्हनलीस, आयतवारी नाणं हाय म्हनतेस. उद्या काय म्हनशील? मला पौर्णिमेला जाळं तयार पायजे. खेळ नाय हा."

"मला माझं पत्र द्या."

त्यांनी ते खरंच जपून ठेवलं होतं, शेडच्या खांबाला खिळ्याला टोचून. पंडित बेर्नार्दोंची सही मिरवत होती. मी ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर एक गोळी ओढली. राखाडी रेघ. दुसरी गोळी, रेघ. तिसरी, चौथी, सगळ्यांच्या रेघा. मग चपटी पुसून, तिची कड धरून जोरात ओढली. कागद तसाच. परत ओढली, कागद फाटायला आला. रेघ नाही.

"हे शिसं नाही काका. कथील आहे. कल्हईचं. महाग असतं. जाळ्याला कथील लावणारा एक तरी माणूस तुम्ही बघितलाय?"

महादूकाकांनी चपटी हातात घेतली. अंगठ्याने चोळली, अंगठा बघितला. मग गोजराबाईंकडे बघितलं.

"मी लग्नाआधीपासून सांगते, ती सोवळी हाय," गोजराबाई म्हणाल्या. "तुमी बाप्ये माजं ऐकाल तवा ना!"

"रेघ उटत नाय म्हनून काय नाणं झालं?" काका म्हणाले खरे, पण आता ते तिला उन्हाकडे धरून बघत होते. पापुद्र्याचा एक कोपरा डब्यात घासून उडाला होता. तिथे बारीक उठाव दिसत होता. आडव्या-उभ्या वाकड्या रेघा, एकात एक अडकलेल्या, गोल पिंजऱ्यासारख्या.

हेमांगी म्हणाली, "पप्पा, हे कोणीतरी काढलंय."

त्यांनी ती उलटी करून दुसरी बाजूही बघितली. भांड्याखालचं लाकूड तडतडलं. शेवटी त्यांनी ती हेमांगीच्या हातात ठेवली. "ने. पण जाळं एका बाजूने तरंगलं तर तुला बांधीन त्या जागी." आणि पळी उचलून परत ओतायला लागले. मला म्हणाले, "च्या पिऊन जा. पंडितांना च्या चालतो ना?"

मी इतकी ओरडले की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली.

गोजराबाई लगेच चिंच आणि राख घेऊन आल्या. "आन हिकडं, लखलखीत करते." मी हेमांगीच्या हातातून नाणं घेऊन घट्ट मुठीत धरलं. झेरॉक्सच्या कागदात लिहिलं होतं, अडाण्याने घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. हे मी त्यांना बरंच गोड करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, घाणेरडंच राहू दे." घरी आले तर टोपली रिकामी. आईने सगळे बोंबील आमच्या बिल्डिंगमध्ये विकले होते, आणि म्हणे तिसऱ्या मजल्यावरच्यांनी उद्यासाठी सुकट सांगितलीये.

मेळावा श्रावणात झाला, पालघरला. आम्ही सहाच्या सहा पत्रं लावली. माझं चुकलेलं पत्रही लावलं, दोन्ही बाजू दिसतील असं दोऱ्याला टांगून. रूपालीबाई म्हणाल्या, "हे नसतं लावलं तरी चाललं असतं." आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नाही बाई, तेच तर मुख्य आहे." सहाव्या पत्रात पंडित बेर्नार्दोंनी दहा ओळी स्वतःची चूक सांगितली आहे आणि अकराव्या ओळीत अल्विसेंना सांगितलंय की आपण बरोबर होतात, आणि यापुढे असं वारंवार होऊ नये.

परीक्षक होते एकनाथ सर. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं नाणी जमवणारे. त्यांनीही आधी हुंगलं. मग पत्रं वाचली, एकदाही न हसता. मग खिशातून भिंग काढलं आणि नाणं कापसावरच ठेवून वाकले. मागे रांग थांबली. कोणाचा तरी रोमन शहर गाडणारा ज्वालामुखी धूर सोडत होता, त्याच्याकडे कोणी बघेना.

"हे साफ कोणी केलं?"

"कोणीच नाही सर."

"शाब्बास." ते परत वाकले. "हे जे पिंजऱ्यासारखं आहे ना, तो आकाशाचा गोल आहे. कड्यांचा. पोर्तुगीज राजांचं चिन्ह. त्यांची कथलाची नाणी आपल्या किनाऱ्यावर चालायची. बाजारात भाजी-मासळीला. नक्की कुठल्या टांकसाळीचं ते मी सांगणार नाही, मलाही तुमच्यासारखं पत्र लिहावं लागेल कुणाला तरी." आणि तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "पण चारशे वर्षांच्या खालचं नाही."

चारशे वर्षं! म्हणजे आमचे पंडित इटलीत रोमन नाण्यांवरून भांडत होते, तेव्हा दांडीच्या बाजारात कुणीतरी हे देऊन बोंबील घेतले असतील. त्यांच्या काळात हे जुनं नव्हतंच. सुट्टे पैसे होते! मी हे मोठ्याने म्हटलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, आणि सर म्हणाले, "बरोबर. लिहून ठेव."

मग त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. "नाण्याखाली ते कुणाच्या संग्रहातलं ते लिहायची पद्धत आहे. काय नाव लिहू?"

हेमांगीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग दोघींनी मागे बघितलं. गोजराबाई नवी साडी नेसून भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या, चप्पल काढून. सरांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "श्रीमती गोजराबाई तामोरे, दांडी, यांच्या संग्रहातून."

"संग्रह म्हंजे?" गोजराबाईंनी विचारलं.

"तुम्ही जपून ठेवलेल्या वस्तू."

त्यांनी जरा विचार केला. "मग अजून लिवा की. माळ्यावर दोन डबे हायत गोळ्यांचे. माज्या सासऱ्याच्या जाळ्यांचे. त्यांतबी हायत चार-पाच सोवळ्या."

एकनाथ सरांचं भिंग टेबलावर पडलं. "वितळवले नाहीत ना?"

"माज्या घरच्या डब्यांना महादूची हात लावायची हिंमत हाय का?"

सरांनी गुणांचा कागद आयोजकांच्या हातात दिला, घड्याळ बघितलं, छत्री उचलली आणि मला विचारलं, "बोईसरला जायला आत्ता काय मिळेल?"

निकाल सांगायला लागले तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. आमचं नाव पहिलं पुकारलं, ढाल रूपालीबाईंनी घेतली आणि आम्ही डबे उघडायला गेलोय असं माईकवर सांगितलं, हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही चौघं बोईसरच्या एसटीत मागच्या लांब सीटवर बसलो होतो आणि मी सरांना सांगत होते, पहिला डबा मीच उघडणार.